पोरगं चोरून लढतीला जातंय, कुलूप घालू का?

"पोरगं ऐकंना झालंय मॅडम. पहाटं चारला मागच्या भिंतीवरनं उडी टाकून जातंय. खोलीला कुलूप घालू का?"

मी समुपदेशक. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अशा धर्तीचे बरेच फोन मला आले. कुणाची मुलगी धावणारी, कुणाचा मुलगा कबड्डीचा. वरचं वाक्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पैलवानाच्या वडिलांचं. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांचीच हकिगत सांगते. सरावासाठी दुखणं लपवणारी मुलं कोविडबरोबर संपलेली नाहीत, आणि त्यांच्या आईवडिलांना आजही सगळ्यात आधी कुलूपच आठवतं.

मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, शहरातल्या तालमीत राहून कुस्ती करणारा. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तालमी बंद झाल्या आणि वस्तादांनी पोरांना गावी धाडलं. ऐन जत्रांचा मोसम होता. वर्षभर गाळलेल्या घामाचं इनाम ज्या मैदानांत मिळायचं, ती मैदानंच रद्द झाली. वर्ष सरताना जरा सुटल्यासारखं वाटलं, तोवर दुसरी लाट आली. महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२०ला पुण्यात झाली, ती पुढे थेट एप्रिल २०२२मध्ये साताऱ्याला. मधला काळ या मुलांनी कसा काढला असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

दुसऱ्या खेपेला मात्र तो घरी बसला नाही. चार-पाच जणांनी एकाच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माती टाकली आणि पहाटे लढती, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या कुस्त्या, सुरू केल्या. इकडे घरात मधुमेह असलेली आजी. तिला लशीचा एकच डोस मिळालेला.

वडिलांनी आजीची शपथ घातली, पोलिसांचा धाक दाखवला, ऑक्सिजनसाठी लागलेल्या रांगांचे व्हिडिओ दाखवले. फरक शून्य. मला त्याचं नवल वाटलं नाही. खांदा निखळला, गुडघा सुजला तरी 'ऊठ, काय होत नाही' हेच ज्याला लहानपणापासून ऐकवलं आणि त्याबद्दल चारचौघांत वाखाणलं, त्याला अचानक 'जिवाला जप' म्हणून कसं चालेल? खेळाडूला धोका कळत नाही असं नाही. धोक्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचं, हीच त्याची तालीम झालेली असते.

मुलगा फोनवर आला तो वाद घालायच्या तयारीनंच. "विनेशताईला झाला, दीपक पुनियाला झाला. दोघं परत मॅटवर आले की नाही? मग मला काय हुतंय?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२०मध्ये विनेश फोगट आणि दीपक पुनिया या दोन्ही नामवंत कुस्तीगीरांची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली होती आणि दोघं पुन्हा खेळायला लागले होते. मी म्हटलं, "बरोबर आहे. आता त्यांच्या मागं काय होतं आणि तुझ्या मागं काय आहे, ते तूच सांग." डॉक्टर, वेगळी राहायची सोय, वेळच्या वेळी तपासण्या, हे तो भराभर बोलला. मग घराकडे वळला. दोन खोल्या, मोरी एक, आणि आजीचं अंथरूण दाराजवळ. पुढं मी काही बोलले नाही, तोही गप्प झाला.

पण एवढ्यानं तो थांबला असता असं मला वाटत नाही. खरी गाठ पुढच्या बोलण्यात सुटली. दिवस कसा जातो, एवढंच विचारलं होतं. सकाळ निभते, म्हणाला, पण संध्याकाळी आईनं थंडाईचा तांब्या पुढं केला की घोट उतरत नाही. "लढत न करता खुराक खायचा म्हंजे चोरी केल्यागत वाटतंय." घरात बाकीच्यांचं दूध कमी केलेलं, बदामाचे पैसे उसने आणलेले, हे त्याला ठाऊक होतं. पहाटे भिंतीवरून उडी टाकण्यामागे बेफिकिरी नव्हती. तो खाल्लेल्याची फेड करत होता.

वडिलांना हे विचारलं तेव्हा ते जरा अवघडले. जेवताना "खातोयस तर घाम बी गाळ" असं ते गमतीनं म्हणायचे. म्हणजे घर एका तोंडानं 'बाहेर जाऊ नको' म्हणत होतं आणि दुसऱ्या तोंडानं 'बसून खाऊ नको'. अशा वेळी मूल दुसरं ऐकतं, कारण ते त्याच्या मनातलंच असतं. मी त्यांना कुलपाऐवजी हे एक वाक्य थांबवायला सांगितलं. शिवाय खुराक थोडा कमी करायचा, आणि त्याचं कारण पैसा नसून सध्या मेहनत कमी आहे हे आहे, असं स्पष्ट बोलायचं.

वस्तादांना फोनवर घेतलं, आणि हे मी आता प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत करते. समुपदेशकाचं ऐकून पैलवान माती सोडत नाही, वस्तादांचं ऐकून सोडतो. त्यांनी हिशेब मांडला: जोर, बैठका, दोर, मुद्गल, मान घोटणं, धावणं, हे सगळं एकट्यानं होतं. जोडीदार लागतो तो फक्त लढतीला. ताकद काही आठवड्यांत ओसरत नाही, आधी जातो तो दम, आणि दम तर उसाच्या बांधावरून पळूनही राखता येतो. लढतीबद्दल मी आडपडदा ठेवला नाही. छातीला छाती आणि तोंडापाशी तोंड, यात सुरक्षित असा प्रकार नाही. मग डावांचा सराव तरी कुणाशी? त्याच छपराखाली राहणारा धाकटा चुलतभाऊ सापडला. वजनानं बराच हलका, पण डाव घोटायला पुरेसा.

शेडमधल्या मित्रांनी त्याला भित्रा ठरवलं. ते त्याला फार लागलं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

एक अट मात्र मी सगळ्या घराकडून कबूल करून घेतली. अंग मोडून आलंय असं तो म्हणाला, तर कुणी रागवायचं नाही आणि "कुठं गेला होतास" हे विचारायचं नाही. पैलवानाचं अंग रोजच दुखतं, त्यामुळे जोर मारण्याआधी थर्मामीटर लावायचं ठरलं. माझ्या मते अशा घरांत सगळ्यात मोठा धोका लपवलेल्या तापाचा असतो, आणि ताप लपवला जातो तो बहुतेक वेळा बोलणी खावी लागतील म्हणून.

मे महिन्यात एका सकाळी त्याला ताप निघाला. त्यानं स्वतः येऊन सांगितलं आणि गोठ्याशेजारच्या खोलीत झोपायला गेला. चाचणी पॉझिटिव्ह आली. आजी वाचली, यात आमच्या शहाणपणाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, ते मी सांगू शकत नाही. खरी कसोटी त्यानंतरची होती, कारण ताप उतरताच त्याला बैठका मारायच्या होत्या. हा विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे जोरकस मेहनत बंद ठेवली. मग आधी चालणं, मग हलकं पळणं. छातीत दुखलं, धडधडलं किंवा उगाच दम लागला, तर लगेच थांबून ईसीजी काढायचा.

मैदानं सुरू झाल्यावर पहिल्या दोन्ही कुस्त्या तो हरला. वडिलांनी हे फोनवर सहज सांगितलं, तक्रार वेगळीच होती. सराव करून करून चुलतभावाला आता कुस्तीची गोडी लागली होती आणि तोही खुराक मागत होता.