दोन साखळ्यांना टांगलेल्या राउटरने (लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या फिरत्या पात्याच्या हत्याराने) सीएनसी मिलिंग, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली कापणे-कोरणे, खरोखर करता येते का?

होय, प्लायवूडसारख्या मऊ मालावर ते करता येते. कल्पना हास्यास्पद वाटली, तरी २०१६ साली अमेरिकेत लोकवर्गणीतून पुढे आलेले ‘मॅस्लो’ हे यंत्र नेमके असेच चालते. किंचित तिरप्या उभ्या चौकटीच्या वरच्या दोन टोकांवरील मोटारी साखळ्या सोडतात किंवा ओढून घेतात, आणि त्यांच्या लांबीवरून संगणक ८ बाय ४ फुटी तक्त्यावर राउटरची जागा ठरवतो. साखळी केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून राउटर ज्या पाटावर बसवलेला असतो त्याला चक्क दोन विटा जोडलेल्या असतात. खाली खेचण्याचे काम त्यांचे वजन करते, आणि ही योजना मला फार सुंदर वाटते. मात्र खालच्या कोपऱ्यांत दूरच्या साखळीवरील ताण कमी होऊन अचूकता घटते, आणि पोलाद कापताना येणारा जोर या टांगत्या रचनेला पेलवत नाही.