रिंगमध्ये समोर कोण? वाचकांचे काही प्रश्न

महिलांच्या मुष्टियुद्धावर प्रश्न मागवले, तर बहुतेक पत्रं ‘महिला गटात कोणी खेळावं’ या एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आली. काहींची भाषा छापण्याजोगी नव्हती, ती बाजूला ठेवली. उरलेल्यांतले सहा प्रश्न घेतो.

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एका पुरुषाने इटलीच्या मुलीला 46 सेकंदांत रडवलं, तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर अजून फिरतो आहे. अशा ट्रान्सजेंडर खेळाडूंना परवानगी मिळतेच कशी? (एक वाचक, नाशिक)

आधी गुंता सोडवू. त्या व्हिडिओतली अल्जीरियाची मुष्टियोद्धा इमान खलीफ ट्रान्सजेंडर नाही. जन्माला आली तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली, मुलगी म्हणूनच वाढली, पासपोर्टवर स्त्री. याच वादात नाव आलेली तैवानची लिन यू-टिंगही तशीच. ट्रान्सजेंडर स्त्री म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली आणि पुढे स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती. या दोघींना ते लागू होत नाही.

वादाची सुरुवात आपल्याकडे, दिल्लीत झाली. मार्च 2023 मध्ये तिथे महिलांची जागतिक स्पर्धा होती. निखत झरीन, लव्हलिना बोर्गोहेन, नीतू घंघास आणि स्वीटी बूरा यांनी चार सुवर्णपदकं घेतली ती हीच. त्या जल्लोषात खलीफला अंतिम लढतीआधी अपात्र ठरवल्याची आणि लिनचं कांस्य काढून घेतल्याची बातमी आपल्या वाचनातून निसटली. त्या वेळच्या संघटनेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग असोसिएशनने (आयबीए), लिंगपात्रतेच्या चाचणीचं कारण दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये ऑलिम्पिक समितीने इतर कारणांवरून आयबीएची मान्यताच काढली आणि पॅरिसमध्ये पासपोर्टवरचं लिंग ग्राह्य धरलं. दिल्लीत खलीफ जिच्याशी खेळूच शकली नाही, त्या चीनच्या यांग लिऊला तिने पॅरिसच्या 66 किलोच्या अंतिम लढतीत हरवलं. आणि हीच खलीफ टोकियोत केली हॅरिंग्टनकडून, 2022 च्या जागतिक स्पर्धेत एमी ब्रॉडहर्स्टकडून हरली होती. दोघीही आयर्लंडच्या. ग्रुपवर या लढती कुणी पाठवत नाही.

तिच्याबद्दल जो प्रश्न विचारला जातो तो डीएसडीचा, म्हणजे लिंगाच्या घडणीतल्या जन्मजात फरकांचा आहे. गर्भात लिंगाची घडण नेहमीच्या वाटेने झाली नाही, तर बाहेरून मुलगी दिसणाऱ्या बाळाच्या पेशींत वाय गुणसूत्र असू शकतं. हा प्रश्न खरा आहे आणि अवघडही. पण त्याला ‘पुरुषाने बाईला मारलं’ म्हणणं खोटं आहे.

प्रश्न : मग खरोखरच्या ट्रान्सजेंडर स्त्रिया अशा खेळांत उतरल्या आहेत का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

मोजक्याच. सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेच्या फॅलन फॉक्सचं. 2006 मध्ये शस्त्रक्रिया, मग मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोशांसोबत लाथा आणि गुडघेही चालणारा खेळ. मार्च 2013 मध्ये तिने 39 सेकंदांत एक लढत जिंकली आणि त्यानंतर काही दिवसांतच ती ट्रान्सजेंडर असल्याचं जाहीर झालं. म्हणजे तोवर समोर उभ्या राहिलेल्या स्त्रियांना ते ठाऊक नव्हतं. मला हा भाग सगळ्यात खटकतो. खासगीपणा जपायलाच हवा, पण जिच्या डोक्यावर गुडघा बसणार आहे तिने होकार कशाला दिला आहे, हे तिला माहीत असायला नको?

सप्टेंबर 2014 मध्ये टॅमिका ब्रेंट्सच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड फॉक्सशी झालेल्या लढतीत मोडलं. पुढे सांगणाऱ्यांनी त्याची ‘कवटी फोडली’ करून टाकली. खोबणीचं हाड पातळ असतं, स्त्रियांच्या आपसातल्या लढतींतही ते मोडतं. शिवाय 2013 मध्येच ॲशली इव्हान्स-स्मिथने फॉक्सला हरवलं होतं. एका खेळाडूच्या सहा लढतींवरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. 2021 मध्ये ॲलाना मॅक्लॉफ्लिन मायामीत एक लढत खेळली आणि जिंकली. नावं सांगायची तर यादी अशी लहानच आहे.

प्रश्न : मी मुलींना बॉक्सिंग शिकवते. हार्मोन घेतल्यावर ताकद कमी होते म्हणतात. शिवाय आपल्याकडे वजनगट असतोच. मग भीती कशाची? (प्रशिक्षिका, पुणे)

बाई, वजनगट काय करतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तो काट्यावरचा आकडा सारखा करतो. त्या आकड्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती, हे काटा विचारत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने मुलाचे खांदे रुंद होतात, हात लांब होतात, मुठी मोठ्या होतात. साठ किलोचा पुरुष आणि साठ किलोची स्त्री यांच्या अंगात म्हणूनच साठ किलो वेगवेगळे बसलेले असतात.

हार्मोनचं म्हणाल तर सगळं एका वेगाने बदलत नाही. टेस्टोस्टेरॉन दाबलं की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येतं, म्हणजे दमसास घटतो. स्नायू मात्र हट्टी. वर्षभरात साधारण पाच टक्केच कमी होतात. हाडाची लांबी तर बदलतच नाही. अमेरिकी हवाई दलातल्या ट्रान्सजेंडर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन वर्षांनी जोर आणि उठाबशांमधला फरक संपला होता, पण धावण्यात त्या सहकारी स्त्रियांपेक्षा अजून 12 टक्के वेगवान होत्या. हा अभ्यास दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्धा अर्धा वापरतात.

ठोशाचं काय? यूटा विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात ठोसा मारण्यासारख्या हालचालीत पुरुषांची शक्ती स्त्रियांच्या सरासरी अडीचपटीहून जास्त भरली. हे मोजमाप यंत्रावरचं आणि साध्या तंदुरुस्त माणसांचं, ट्रान्सजेंडर स्त्रियांचं नव्हे, हेही सांगायला हवं. तरी अडीच पटींच्या फरकातून वर्षाला पाच टक्के वजा केले, तर काय उरतं ते कागदावर मांडून बघा.

धावण्याच्या शर्यतीत अन्याय झाला तर पदक जातं. तुमच्या खेळात डोकं फुटतं. म्हणून माझं मत असं : पुरुषी वयात येणं पूर्ण झालेल्या खेळाडूने स्त्रियांच्या ठोशांच्या स्पर्धेत उतरू नये. जलतरण आणि ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनांनी 2022 आणि 2023 मध्ये साधारण हीच रेघ ओढली, आणि तिथे तर कुणी कुणाला मारत नाही. हे मत मांडताना मला आनंद होत नाही. खेळू इच्छिणाऱ्या माणसाला दार बंद करणं यात आनंदासारखं काही नसतं.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची, राज्य पातळीवर बॉक्सिंग खेळते. आता ‘जीन टेस्ट’ सक्तीची म्हणतात. रक्त काढतात का? काही निघालं तर? (पालक, अकोला)

रक्त लागेलच असं नाही. गालाच्या आतून कापसाच्या काडीने पेशी घेतल्या तरी चालतं, थुंकीही चालते. त्यात एसआरवाय जनुक शोधतात. ते वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषण घडवण्याची सुरुवात तेच करून देतं. वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने महिला गटातल्या 18 वर्षांवरच्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांसाठी ही चाचणी आयुष्यात एकदा सक्तीची केली. सप्टेंबर 2025 च्या लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेपासून ती लागू झाली. जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी तिथे सुवर्ण मिळवलं. त्या पातळीवर जायचं तर तुमच्या लेकीलाही एक दिवस काडी फिरवावी लागेल.

‘काही निघालं तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारलात, संघटनांनी तो फारसा विचारलेला दिसत नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये 3,387 स्त्रियांची अशीच चाचणी झाली. आठ जणींचा निकाल पॉझिटिव्ह आला. सात जणींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा काही अंशी दादच देत नव्हतं, आठवीचीही अवस्था जन्मजात होती. वेश पालटून आलेला पुरुष एकही नव्हता. आठही जणींना खेळू दिलं आणि सिडनीच्या आधी ही चाचणी बंद पडली. ती आता परत आली आहे. आजच्या नियमातही टेस्टोस्टेरॉनचा परिणामच न होणाऱ्या मुलींना महिला गटात जागा आहे, पण तिथवर पोहोचायला पुढच्या तपासण्या लागतात.

तेव्हा पहिला निकाल म्हणजे निवाडा नव्हे. संघटनेकडून सही घेण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा : निकाल कोण कोण बघणार, आणि समुपदेशन कोण करणार. तामिळनाडूची धावपटू शांती सौंदराजन हिचं 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं 800 मीटरचं रौप्य लिंगचाचणीनंतर गेलं, ते वेगळंच. तिच्या शरीराची चर्चा देशभर चव्हाट्यावर झाली, ती जखम पदकापेक्षा मोठी होती.

प्रश्न : उलट का होत नाही? ट्रान्सजेंडर पुरुष पुरुषांशी लढतात का? (सोलापूर)

लढतात. अमेरिकेचा पॅट्रिसियो मॅन्युएल आधी महिला गटात खेळायचा. डिसेंबर 2018 मध्ये तो पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला आणि जिंकला. फारसा गदारोळ झाला नाही, कारण जोखीम त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

प्रश्न : जन्माने मुलगा असलेलं माझं मूल दोन वर्षांपासून स्वतःला मुलगी म्हणतं. वय तेरा. किकबॉक्सिंगच्या क्लासला जीव टाकते. तिला मुलींमध्ये खेळायचंय. वरचं सगळं वाचून तुम्ही नाहीच म्हणणार, तरी विचारते. (एक आई, कोल्हापूर)

ताई, क्लास बंद करू नका. एवढं आधी.

स्पर्धेचं सांगायचं तर तेराव्या वर्षी शरीराने वयात येण्याची वाट धरलेली असते. मुलींच्या फुल-कॉन्टॅक्ट, म्हणजे पूर्ण जोराने मारायच्या लढतीत तिचं नाव देऊ नका. वजन करायच्या रांगेत कुणीतरी चारचौघांत हटकेल, त्यापेक्षा हे तिला घरी, तुमच्या तोंडून कळलेलं बरं. रडेल, चिडेल. चिडू द्या.

सराव वेगळा. मुली कमी असल्या की बऱ्याच क्लासमध्ये मुलगे-मुली एकत्रच स्पारिंग (सरावाची लढत) करतात. तिथे उंची, वजन, अनुभव बघून जोड्या लावायच्या, ठोसा किती जोरात ते आधी ठरवायचं आणि समोरच्या मुलीला ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवायची. पॅडवरचं काम आणि प्रात्यक्षिकं यांत तर गटाचा प्रश्नच येत नाही. शरीरातल्या बदलांबद्दल हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा, जिममधल्या कुणाचं ऐकून काही सुरू करू नका.

कोचशी आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला. कपडे कुठे बदलायचे, हाक कोणत्या नावाने मारायची, हे तिथेच ठरवून टाका. आणि माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या. या वयात जबडा वाढतो, म्हणून सहा-आठ महिन्यांनी तो पुन्हा तपासावा लागेल.