गिऱ्हाईक परकंच हवं

पोरी,

परवा तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, "काका, माझीच माणसं मला साथ देत नाहीत." पहिल्या महिन्यात तुझं घाण्याचं शेंगतेल हातोहात गेलं, आणि आता मावशीपासून वर्गमैत्रिणींपर्यंत सगळ्यांचं "घरात अजून आहे गं" सुरू झालंय. ग्रुपवर पुन्हा टाकू का, की उद्योजक मेळाव्यात जाऊन ओळखी वाढवू, असं विचारत होतीस. दोन्ही नको. त्यांनी एकेक बाटली घेतली ती तुझ्यासाठी, तेलासाठी नव्हे. साथ म्हणतात ती हीच, ती देऊन झाली. आता तुला परकं गिऱ्हाईक हवं.

१९९१ साली मी फवारणी पंपाची पितळी नोझल बनवायला लागलो. तासगावला मामांचं शेती अवजारांचं दुकान. दर महिन्याला बारा डझन उचलायचे, पैसे रोख. मी विचारायचो, "चालतंय ना?" ते म्हणायचे, "जातोय माल, तू कर." त्या भरवशावर कर्ज काढून दुसरं लेथ घेतलं. चौदा महिन्यांनी मामा पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून दुकान आवरायला गेलो. माळ्यावर माझेच खोके. सुतळीला मी मारलेली गाठसुद्धा सुटलेली नव्हती. जे थोडे उघडले होते त्यांवर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'परत'. बोर्डोतल्या, म्हणजे बागेवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या औषधातल्या, चुन्यानं नोझलचं भोक रुंदावायचं आणि फवाऱ्याऐवजी नुसतं पाणी गळायचं. बागायतदारांनी आणून टाकली होती. एखाद्या अनोळखी दुकानदारानं पंधरा दिवसांत माझ्या तोंडावर फेकली असती, तर मी धातू बदलला असता. मामांनी प्रेमापोटी खिशातून पैसे भरले आणि गप्प राहिले. मामेभाऊ आजही माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटतं मी त्याच्या वडिलांना फसवलं. नाही फसवलं. मला ठाऊकच नव्हतं! पण त्या माळ्यावर मी एकदाही चढून बघितलं नाही, हेही खरं.

जवळच्यांकडून भांडवल घे, जागा घे, त्यात कमीपणा नाही. बेळगावातली कारखान्याची जागा गेल्यावर लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानात जमीन दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण लोखंडी नांगरानं जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्याला राजाच्या ओळखीचं काय? त्याला नांगर शेतातच पटावा लागतो.

बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी लागलेल्यांना मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं विचारलं होतं, नोकरीचं कळलं कुणाकडून? नेहमी भेटणाऱ्याकडून, असं जेमतेम सहातल्या एकानं सांगितलं. बाकीच्यांची ती ओळख कधीमधी भेटणाऱ्यांतली. १९७३ चा तो लेख. विषय नोकरीचा आहे, पण धंद्यातही तेच. आपल्या माणसांना बहुतेक तेवढंच ठाऊक असतं, जेवढं आपल्याला.

तेव्हा तुला कुणी ओळखत नाही अशा गावच्या आठवडी बाजारात दहा बाटल्या घेऊन बस. वडिलांचं नाव सांगू नकोस. कुणी घेतली यापेक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा कोण आलं, ते वहीत लिही. वडेवाल्याला तेल दे, पण विकत. फुकट घेणारा तोंडावर वाईट बोलत नाही. दोन बाजार रिकामे जातील, लाज वाटेल. वाटू दे, पण तिसऱ्या बाजाराला जा. परकं गिऱ्हाईक मिळेपर्यंत जा.

आणि एक राहिलं. दिवाळीत तू दिलेल्या बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ होता. चकल्या टाकल्या तसा कढईत फेस चढत काठापर्यंत आला, तुझ्या काकूला गॅस बंद करावा लागला. तू विचारलंस तेव्हा मी "छान आहे" म्हणालो. तेल अजून चार दिवस निवळू देत जा.

तुझा काका