झोंबीपटांचं वेड आणि मुलाची वाट

प्रिय ताई,

सतरा वर्षांचा मुलगा रात्ररात्र जुने झोंबीपट पाहतो, वहीत सडलेले चेहरे रेखाटतो आणि ‘मला असा मेकअप करायला शिकायचंय’ म्हणतो. त्याला यातून बाहेर कसं काढू, असं तुम्ही विचारलंत. मला मात्र ती वही महत्त्वाची वाटते. नुसतं पाहणारा मुलगा वही भरत नाही.

त्याने 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिला असेलच. आजच्या मालिका आणि व्हिडिओ गेममधली, झुंडीने चालत येऊन माणसं खाणारी प्रेतं तिथूनच आली. तो चित्रपट काही अचानक घडला नाही. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आधी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जाहिराती करायचे. कॅमेरा आणि संकलन तिथेच हातात बसलं, म्हणून या चित्रपटात दिग्दर्शनासोबत तीही कामं त्यांनीच केली. रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं. कृष्णधवल पडद्यावर ते चालून गेलं.

याच चित्रपटाची दुसरी गोष्ट मुलाला जरूर सांगा. प्रदर्शनाआधी नाव बदललं आणि नव्या शीर्षकासोबत कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने हक्कच गेला. पुढे कोणीही तो दाखवावा, विकावा; करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं लागलं नाही. कलेकडे वळणाऱ्या प्रत्येक मुलाने करार वाचायला शिकलंच पाहिजे, असं मी कळकळीने सांगते.

मेकअपची विद्या बरीचशी हाताखाली राहून येते. 1978 च्या ‘डॉन ऑफ द डेड’चा मेकअप टॉम सॅव्हिनी यांचा. 1985 च्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये त्यांच्या हाताखाली काम केलेले ग्रेग निकोटेरो पुढे ‘द वॉकिंग डेड’ या झोंबी-मालिकेच्या मेकअपचे प्रमुख झाले.

तेव्हा शाळा पूर्ण होऊ द्या, झोपेची वेळ ठरवा आणि सोबत चित्रकला, मातीकाम, शरीररचना सुरू करा. हाडं-स्नायू कळल्याशिवाय जखम खरी दिसत नाही. हे काम बहुधा कंत्राटी असतं, मिळकत सलग नसते. हे त्याच्यापासून लपवू नका.

लेटेक्स, म्हणजे खोटी कातडी-जखमा करायचं पातळ रबर, वापरण्याआधी मनगटावर थोडं लावून पाहा, काहींना त्याची ॲलर्जी असते. आणि चेहऱ्याचा साचा त्याने एकट्याने कधीच घेऊ नये. नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, हे पाहायला जाणतं माणूस शेजारी हवं. पहिला साचा शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली होऊ द्या, आणि जमलं तर तुम्हीही तिथे थांबा.