चालू प्रोग्रॅममधलं लोकेशन पायथनने वाचायचंय, मेमरी वाचू की पॅकेट?

म्हणजे बोटीवरच्या लॅपटॉपवर नकाशाचा प्रोग्रॅम चालतो आणि त्यातलं लोकेशन, स्पीड तुम्हाला तुमच्या पायथन स्क्रिप्टमध्ये हवंय. मी रत्नागिरीचा, मिरकरवाडा बंदरातल्या बोटवाल्यांची असलीच कामं करतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की आधी पॅकेट (नेटवर्कवरून येणारा डेटा) बघा, मेमरी (प्रोग्रॅमने रॅममध्ये ठेवलेले आकडे) अगदी शेवटी.

जीपीएसचा बॉक्स वायफायवर असेल तर तो बहुतेक वेळा एनएमईए ०१८३ च्या (बोटीवरच्या उपकरणांचा ठरलेला फॉरमॅट) साध्या वाचता येणाऱ्या ओळी यूडीपीवर (नेटवर्कवर डेटा पाठवायची एक पद्धत) सोडत असतो, पोर्ट बऱ्याचदा १०११०. पायथनमध्ये नुसतं सॉकेट त्या पोर्टला बाइंड करून (जोडून) बघा, पोर्ट आधीच नकाशावाल्याने धरला असेल तर स्केपी या पायथन लायब्ररीचं स्निफ (पॅकेट नुसती ऐकणारं फंक्शन) वापरा, फिल्टरमध्ये तोच पोर्ट द्या (विंडोजवर एनपीकॅप हा पॅकेट पकडणारा ड्रायव्हर टाकावा लागतो, लिनक्सवर रूट लागतं). डॉलरने सुरू होणारी ओळ स्वल्पविरामावर तोडली की काम झालं, फक्त एक सांभाळा, १६५९.४ म्हणजे १६.५९ अंश नव्हे, १६ अंश ५९.४ मिनिटं, म्हणजे १६.९९. हे चुकलं तर बोट पार राजापूरच्या बाजूला दिसेल! स्पीड नॉट्समध्ये असतो. आणि हे सगळं स्वतःच्या किंवा मालकाने सांगितलेल्या बोटीवरच, शेजारच्याच्या वायफायवर कान लावू नका.

मेमरीही वाचता येते, विंडोजवर सीटाइप्स या पायथन मॉड्यूलमधून ओपनप्रोसेस आणि रीडप्रोसेसमेमरी ही विंडोजची फंक्शन्स, पण आर्गटाइप्स-रेसटाइप (फंक्शनला काय द्यायचं आणि परत काय येतं त्याचे प्रकार) नीट दिले नाहीत तर ६४ बिटचा पत्ता अर्धा कापला जातो आणि काहीच कळत नाही काय बिघडलंय ते. उबुंटूवर दुसऱ्या प्रोसेसची मेमरी रूटशिवाय सहसा उघडत नाही. वर प्रोग्रॅम बंद करून चालू केला की पत्ते बदलतात, मग पुन्हा शोधा. आकडा ८ बाइटच्या डबलमध्ये (दशांशाचे बरेच अंक साठवणारा प्रकार) असतो म्हणून नेमका १६.९९ शोधून सापडत नाही, रेंज देऊन शोधायचा, मग बोट हलली की कुठले आकडे बदलले ते बघत यादी कमी करत जायची. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा हे करायलाच जाऊ नका, काही हलतच नाही.

बॉक्स यूएसबी केबलने जोडलेला असेल तर पॅकेट दिसणारच नाहीत. तरी लगेच मेमरीकडे वळू नका, नकाशाचा प्रोग्रॅम ओपनसीपीएन असेल तर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये तोच डेटा यूडीपीवर बाहेर पाठवायची सोय आहे, ती चालू करा.