जुनी स्कूल बस विकत घेऊन तिचे घर करायचे आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे?

आपण न्यू जर्सीत राहता, शाळेच्या लिलावात १९९९ सालची, सपाट तोंडाची, चाळीस फुटी बस ४,५०० डॉलरला मिळते आहे, आतल्या घराचा नकाशाही आपण दोघांनी काढून ठेवला आहे, आणि तो नकाशा योग्य आहे का व एकूण खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. नकाशाविषयी शेवटी लिहिते. मी आणि माझ्या यजमानांनी कोलोरॅडोमध्ये अशीच एक बस घराजोगी केली आणि तिच्यात दोन वर्षे राहिलो. त्या अनुभवावरून सांगते की पलंग, ओटा, कपाटे हे सारे शिकत शिकत जमते. आमचे खरे नुकसान झाले ते बस निवडताना, आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात.

आम्ही बस पाहायला गेलो तेव्हा दारातून आत शिरलो, मधल्या वाटेने मागपर्यंत चालत गेलो, खिडक्या उघडून पाहिल्या, इंजिन सुरू करून घेतले आणि खूश होऊन पैसे दिले. बसच्या खाली कोणीही डोकावले नाही. आपण ज्या भागात आहात तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि वीसपंचवीस हिवाळे त्या मिठाच्या पाण्यातून धावलेल्या बसचा तळ हाच तिचा खरा जन्मदाखला असतो. स्कूल बसमध्ये पोलादी पत्र्यावर प्लायवूड आणि त्यावर रबराचा थर असतो. बाकांचे बोल्ट या तिन्ही थरांतून आरपार जातात. मुलांच्या बुटांचे बर्फ वितळले की ते पाणी बोल्टांच्या भोकांतून प्लायवूडमध्ये मुरते, वर रबर असल्याने वाळत नाही, आणि पत्रा वरून खाली व खालून वर असा दोन्ही अंगांनी कुजतो. आमच्या बसचे बाक काढल्यावर रबर उचलले, तर डाव्या चाकाच्या कमानीजवळ पत्र्यातून खालचे गवत दिसत होते. ते तुकडे कापून नवे पत्रे वेल्डिंग करण्यात आमचे पाच आठवडे गेले.

म्हणून बस पाहायला जाताना जुने कपडे घाला, विजेरी, स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी घ्या. आधी दोन्ही बाजूंच्या चाकांपुढे अडथळे लावले आहेत याची खात्री करा आणि मगच खाली सरका. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याच्या, जाड पट्ट्यांवरचा तांबूस गंज हा वयाचा भाग आहे, त्याला घाबरू नये. परंतु पापुद्रे सुटत असतील, किंवा तळाला धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर दबत असतील, तर ती बस फुकट मिळाली तरी महाग पडेल. चाकांच्या कमानी, पायरीचा खड्डा आणि बॅटरीची पेटी या तीन जागा सर्वात आधी कुजतात. विक्रेत्याने तळाला नुकताच काळा रंग फासला असेल तर मी त्या बसकडे अधिकच संशयाने पाहीन. अॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली बस हजारभर डॉलरने महाग मिळाली आणि ती चालवत आणण्याचा खर्च धरला, तरीही तो व्यवहार पुष्कळदा स्वस्त ठरतो.

दुसरी गोष्ट इंजिन आणि गिअरबॉक्सची. जाहिरातीत नुसते डिझेल, ऑटोमॅटिक असे लिहिलेले असते. आपण दोन्हींचे नेमके मॉडेल विचारून घ्या. त्या काळातल्या बसमध्ये इंटरनॅशनलचे डीटी४६६ किंवा कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन असेल, तर त्यांचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री दोन्ही सहज मिळतात. गिअरबॉक्समध्ये मात्र ॲलिसनचे एटी५४५ आहे का, ते पाहा. ते चार गिअरचे असून त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला, लॉकअप, म्हणजे दोन्ही थेट जोडणारी सोय, नसतो. गावातल्या गावात थांबतथांबत मुले पोचवायला ते पुरेसे आहे, परंतु घरभर सामान घेऊन लांब घाट चढताना त्यातले तेल तापते आणि डिझेलही जास्त जाते. आपण किनाऱ्यालगतच्या सपाट भागातच फिरणार असाल तर ते चालेल, रॉकी पर्वताकडे यायचे असेल तर नको. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवा, असा आग्रह धरा. आपण पोचण्याआधीच कोणी ते गरम करून ठेवले असेल तर कारण विचारा. शाळेच्या बसचा एक मोठा गुण असा की तिची देखभाल तारखांसह लिहून ठेवलेली असते. ती वही मागितली तर लिलाव करणारे बहुधा देतात, कोणी मागत नाही इतकेच.

आता उंची. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात झालेल्या परिषदेत अमेरिकेतल्या स्कूल बसचा पिवळा रंग ठरला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच परिषदेत छताच्या उंचीचे आणि मधल्या वाटेच्या रुंदीचेही मानक ठरले होते. या गाड्या मुलांना बसवून नेण्यासाठी बांधलेल्या आहेत, मोठ्या माणसांनी उभे राहून पोळ्या लाटण्यासाठी नव्हे. आत मधोमध साधारण सहा ते साडेसहा फूट उंची मिळते, आणि तळाला व छताला इन्सुलेशन, म्हणजे थंडी व उष्णता अडवणारा थर, घातले की त्यातले तीनचार इंच जातात. आपल्यापैकी जो उंच असेल त्याने पायात जोडे घालून त्या बसमध्ये उभे राहावे, आणि डोक्यावर चार बोटे आडवी बसतात का ते पाहावे. बसत नसतील तर छत कापून वर उचलण्याचा पर्याय असतो, पण ते वेल्डिंग मुरलेल्या माणसाचे काम आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा: विमा आधी, बस नंतर. घरी बांधलेल्या बसला विमा देण्यास बऱ्याच कंपन्या नकार देतात. आम्हाला सहा ठिकाणी नकार मिळाला आणि सातव्या ठिकाणी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागितली गेली, जी सुदैवाने यजमानांना काढण्याची सवय होती. नोंदणी मोटरहोम, म्हणजे राहण्याची गाडी, म्हणून बदलून घ्यावी लागते. अनेक राज्यांत त्यासाठी स्वयंपाक, शीतपेटी, शौचालय, हवा गरम वा थंड करण्याची सोय, बेसिनसह पिण्याचे पाणी आणि घरगुती दाबाची वीज या सहांपैकी किमान चार सोयी कायम बसवलेल्या असाव्या लागतात. थांबण्याचा लाल फलक व लुकलुकणारे दिवे काढणे आणि बहुतेक राज्यांत पिवळा रंग बदलणे हेही आलेच. एकूण अनुज्ञेय वजन २६,००१ पौंड किंवा अधिक असलेल्या गाडीला व्यावसायिक परवाना लागतो. खासगी मोटरहोमला सहसा त्यातून सूट असते, पण काही राज्ये वेगळ्या वर्गाचा परवाना मागतात, म्हणून आपल्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. पुण्याला परतल्यावर तिथेही असेच करता येईल का, असा आपला उपप्रश्न आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, त्यामुळे इथला अनुभव तिथे जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही.

बांधकामातली एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण ती आम्हाला फार उशिरा कळली. बसच्या फासळ्या पोलादाच्या असतात, आणि दोन फासळ्यांमध्ये कितीही चांगला फोम भरला तरी फासळी स्वतः थंडी आत आणते. पहिल्या हिवाळ्यात मी रात्री कुकर लावला की त्याची वाफ त्या फासळ्यांवर जमे आणि पहाटे पलंगावर थेंब पडत. पुढच्या उन्हाळ्यात आतले लाकडी अस्तर काढून फासळ्यांवरून सलग फोमचा थर दिला, अर्ध्या खिडक्या बंद केल्या आणि ओट्यावर पंखा बसवला, तेव्हा ते थांबले. तीच गोष्ट विजेची: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास खराब होते, म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत ठेवा. स्वयंपाकाचा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो, त्याच्या गळतीचा इशारा देणारे यंत्र जमिनीलगत लावा.

खर्च विचारलात म्हणून सांगते: बस ४,२०० डॉलरची होती, आणि घर पूर्ण होईपर्यंत एकूण ३१,००० डॉलर लागले, मजुरी जवळजवळ सगळी स्वतःची आणि चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार वेगळे.

राहिला नकाशा. शंभर गॅलन पाण्याची टाकी आपण मागच्या टोकाला एका बाजूला दाखवली आहे. भरल्यावर तिचे वजन जवळजवळ ३८० किलो होईल, तेव्हा ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे आणि शक्य तितकी मधोमध आणा. ओटा तिच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीशी जावा, म्हणजे वजन समतोल राहील. आणि पलंग उभा ठेवून आपण मागचे संकटकालीन दार पूर्ण बंद केले आहे, तेवढे करू नका. आग सहसा स्वयंपाकाच्या बाजूने लागते आणि आपला ओटा पुढच्या दाराशीच आहे. पलंग आडवा ठेवून मागच्या दाराकडे दोन फुटांची वाट सोडली तर आपले उजवीकडचे कपाट जाईल. ते जाऊ द्या.