सही करायच्या आधी पाण्याचं विचारलं का?

प्रश्न : ताई नमस्कार. जूनमध्ये पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत आम्हाला शिफ्ट व्हायचंय, जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि किचन बघितलंय, भाडं 9000 आणि डिपॉझिट 40 हजार म्हणतात. मालकांनी 500 च्या स्टॅम्पवर 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट टाईप करून आणलंय, म्हणाले नोटरी करून टाकू, रजिस्टरबिस्टर कशाला, 11 महिन्यांचं तर आहे. वाचलं तर त्यात लिहिलंय की मालक 15 दिवस आधी सांगून कधीपण घर खाली करून घेतील पण आम्ही मधी सोडलं तर डिपॉझिट बुडालं, आणि निघताना रंगकाम म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार. लाईटला सबमीटर आहे, युनिटचा रेट लिहिलेला नाही. लाईट बिल मालकाच्या थोरल्या भावाच्या नावावर येतं. माणसं बोलायला गोड आहेत, मिसेसला घर लै आवडलंय, ती म्हणते जास्त चिकित्सा केली तर घर हातचं जाईल. काय करावं?

उत्तर : वहिनींना सांगा चिकित्सा करायची, पण चहा पीत पीत करायची. माणसं गोड आहेत ना, मग तर बोलणं अजून सोपं.

पहिलं ते नोटरीचं. 11 महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही हे आपल्याकडं इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलंय की एजंटसुद्धा ते छातीठोक सांगतात, पण महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 मध्ये सरळ आहे की करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मुदत 11 महिने असो नाहीतर 3 वर्षं. आणि गंमत ऐका, रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय, भाडेकरूवर नाही. नाही केलं तर मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर असं की रजिस्टर केलेला करार नसेल आणि भांडण झालं, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीवर भागवून मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतायत की! हे त्यांना भांडायच्या सुरात नका सांगू, "काका, तुमच्याच सेफ्टीसाठी म्हणतोय" असं सांगा. निम्मे मालक इथंच तयार होतात.

खर्चाचा बाऊ करतील तर तिथंच हिशोब मांडा. 11 महिन्यांचं भाडं 99,000, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 11 महिन्यांचे साधारण 3,667 मिळवायचे, आणि त्या एकूण रकमेवर 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी. येतात साधारण 257 रुपये, वर राउंड करून 300 धरा. त्यांनी 500 चा स्टॅम्प तर आधीच आणून ठेवलाय! नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत 1000. बाकी ऑनलाईन करून देणारा त्याची फी वेगळी घेईल ती आधी विचारा. आधार आणि अंगठा लागतो, तो मशीन घेऊन घरी येतो, निबंधक ऑफिसात हेलपाटे नाहीत. खर्च निम्मा निम्मा करू म्हणा, विषय मिटला.

आता थोरल्या भावाचं. हे मला 15 दिवसांच्या अटीपेक्षा जास्त खटकलं. जे काका सही करणार ते एकटे मालक आहेत का? आपल्याकडं वडलांनी बांधलेलं घर, खाली एक भाऊ, वर दुसरा, कागद अजून वडलांच्याच नावावर, अशी घरं पेठांमध्ये काय आणि नवीन वस्तीत काय, पोत्यानं आहेत. लाईट बिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पण सावध करायला पुरेसं आहे. घरपट्टीची पावती आणि उतारा बघायला मागा. घर दोघांचं असेल तर करारात दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर थोरल्याने धाकट्याला रीतसर मुखत्यारपत्र दिलेलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी थोरला दारात येऊन म्हणेल, मला विचारून दिलं का? आणि तुमचे 40 हजार मात्र धाकट्याच्या खिशात.

15 दिवसांची अट तर एकतर्फीच आहे. नोटीस दोघांनाही एक महिन्याची करा. तीन-चार महिने लॉक-इन ठेवायचा असेल तर तोही दोघांना सारखा, म्हणजे तेवढ्यात ते काढणार नाहीत आणि तुम्ही सोडणार नाही. शाळा सुरू झाल्यावर पोरीला घेऊन नवं घर शोधत फिरायचं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

रंगाच्या कापाकापीवर मी जरा जास्त बोलणार, कारण मी ते भोगलंय. लग्नानंतर आम्ही अशोक चौकाच्या बाजूला खोली घेतली होती, शेजारी माग, दिवसभर खटाखट, त्याची तर सवय झाली. निघताना घरमालकीण बाई किचनच्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या आणि बोटानं एकेक भोक दाखवत मोजायला लागल्या, एक, दोन, तीन, चार... खिळे त्यातले दोनच आमचे, बाकी आधीच्या भाडेकरूचे, पण कोण ऐकतं. डिपॉझिटमधून रंगाचे गेले, वर एका नळाचे पण गेले, तो नळ आम्ही राहायला गेलो त्या दिवसापासून ठिबकत होता. कागदावर एक ओळ नव्हती की नळ आधीच खराब आहे. म्हणून सामान चढवायच्या आधी मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढा, भिंती, फरशी, बेसिन, मीटरचं रीडिंग, आणि तो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲप करा. करारात लिहून घ्या की रोजच्या वापरातली झीज डिपॉझिटमधून कापायची नाही, मुद्दाम केलेलं नुकसान बिल दाखवून कापायचं, आणि किल्ली दिल्यावर अमुक दिवसांत बाकी पैसे परत. पंखे, ट्यूब, गिझर, किल्ल्या किती, याची यादी करून सह्या.

सबमीटरचा रेट तोंडी ठेवू नका, आकडा लिहा. मे महिन्यात कूलर दिवसभर चालणार, हे सोलापूर आहे. महावितरणचे स्लॅब असतात, 100 युनिटच्या पुढं रेट चढतो, 300 च्या पुढं अजून चढतो, त्यामुळं एका मीटरवर दोन घरं असली की सगळ्यांचं बिल वरच्या स्लॅबला जातं आणि जास्तीचं कुणी भरायचं यावर कुरकुर सुरू होते. जमत असेल तर वेगळा मीटर हेच चांगलं.

आणि आता जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही ते. पाणी! इतकं सगळं विचारलंत आणि सोलापुरात राहून पाणी विसरलात? नळ रोज येत नाही हे आपल्याला पाठ आहे, मग खालचा हौद किती लिटरचा, मोटार कोण चालू करणार, वरच्या टाकीवर किती कुटुंबं, बोर आहे का आणि उन्हाळ्यात त्याला पाणी राहतं का, टँकर मागवला तर पैसे कसे वाटायचे? तुम्ही वर राहणार, म्हणजे मोटारीचा स्वीच खालच्यांच्या हातात. हे ज्या दिवशी पाणी सुटणार त्या दिवशी तिथं जाऊन डोळ्यानं बघा, घर बघायला संध्याकाळी सहाला जाऊ नका. बघून झालं की दोन ओळी करारात. एवढं मात्र माहीत असू द्या की पाणी, लाईट असल्या गरजेच्या सोयी भाडेकरूला वठणीवर आणायला बंद करता येत नाहीत, त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये तशी मनाई आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडं द्यायचं मालकाला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. सह्या झाल्यावर रजिस्टर झालेल्या कराराची कॉपी तुमच्याकडं पाहिजे, शाळेत पत्त्याला, गॅसला लागते. आणि हे सगळं ऐकून मालक चिडलेच, तर आत्ताच चिडले ते बरं, 40 हजार देऊन झाल्यावर चिडले असते.

प्रश्न : होटगी रोडला दोन वर्षं भाड्याने राहतो. मालक भाडं कॅशच घेतात, पावती मागितली की म्हणतात विश्वास नाही का. यंदा ऑफिसात भाड्याच्या पावत्या मागितल्यात.

उत्तर : विश्वासाचा इथं संबंध नाही, पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 मध्येच आहे. पण तुम्हाला कायदा काढायचा नसेल तर पुढच्या महिन्यापासून भाडं यूपीआयने टाका आणि रिमार्कमध्ये महिना लिहा. कॅशच पाहिजे म्हणाले तर पैसे दिल्या दिल्या व्हॉट्सॲप करा, "काका, जूनचं भाडं 8000 दिलं, मिळालं ना?" ते अंगठा दाखवतील तो स्क्रीनशॉट ठेवा. मागच्या दोन वर्षांच्या पावत्यांसाठी मात्र दुकानातून पावतीबुक घेऊन जा, सगळं तुम्हीच भरा, त्यांच्यापुढं फक्त सहीची जागा ठेवा. भाडं न दिलेल्या महिन्यांचं वगैरे काही भरू नका, जेवढं दिलं तेवढंच.